साडेअकराशेची शेकाची पिशवी आणि बाबांची घोंगडी

कुडाळच्या एका सर्जिकल दुकानातून ओल्या शेकाची पिशवी घेतली, त्याला दहा महिने झाले. किंमत साडेअकराशे. जाड कापडाचे कप्पे, आत बेंटोनाइटची माती. आधी रात्रभर पाण्यात भिजवायची, मग गरम पाण्यात ठेवायची आणि टॉवेलच्या सहा-आठ घड्यांत गुंडाळून लावायची.

मी वेंगुर्ल्यात चाळीस वर्षं ब्लाउज शिवते. दोन वर्षांची असताना डावा पाय पोलिओने गेला, मशीन उजव्याने चालवते. हल्ली संध्याकाळी तो उजवाच दगड होतो, आणि डावा मे महिन्यातही गार. पोलिओने ताकद जाते, स्पर्श जात नाही. त्यामुळे चटका मला नीट कळतो.

पिशवीला वीज लागत नाही, ही मोठी सोय. जूनच्या पहिल्या वाऱ्याला दिवे गेले की इलेक्ट्रिक पॅड खुंटीवर, ही मात्र गॅसवरच्या टोपात तापते. टोपाच्या तळाशी ताटली पालथी घाला, पाणी उकळू देऊ नका. वीस-पंचवीस मिनिटं ऊब धरते. कंबरेला झकास! शेजारची काकी म्हणाली, "काय गो ह्यां? साडेअकराशेची चिखलाची उशी?" आता दर रविवारी तीच मागून नेते.

शिवणीबद्दल मात्र बोलणारच, तो माझा प्रांत. सगळीकडे एकेरी टीप. तिसऱ्या महिन्यात कोपरा उसवला आणि टोपात राखाडी गाळ. दुकानदार म्हणे, भिजवलेला माल परत घेत नाही. न भिजवता वापरायची कशी, ते त्याने सांगितलं नाही. शेवटी अठरा नंबरची सुई लावून मीच दुहेरी टीप मारली.

दुसरी खोट आकाराची. पिशवी चौकोनी आणि ओली झाली की जड. पोटरीवर ठेवली की गुडघ्यावर चढते, पाय हलतच नाही.

हे रडगाणं फिजिओथेरपीवाल्या मुलीपुढे गायले, तेव्हा तिने एलिझाबेथ केनीचं सांगितलं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या आडरानात काम करणारी, रीतसर शिक्षण नसलेली नर्स. 'सिस्टर' ही पदवी पहिल्या महायुद्धात लष्करी सेवेत मिळालेली. तेव्हा डॉक्टर पोलिओचा पाय फळ्यांत किंवा प्लास्टरमध्ये जखडून ठेवत, वाकडा होऊ नये म्हणून. केनी लोकरीच्या पट्ट्या उकळत्या पाण्यातून काढून, घट्ट पिळून आखडलेल्या स्नायूंवर गुंडाळायची. दुखणं उतरलं की हात-पाय हलवून स्नायूला परत काम शिकवायची. १९३८ मध्ये क्वीन्सलँडच्या आयोगाने तिच्या विरोधात अहवाल दिला. १९४० मध्ये ती अमेरिकेला गेली, आणि १९४२ मध्ये मिनियापोलिसला तिच्या नावाची संस्था निघाली. पोलिओत नेमकं काय बिघडतं, याचं तिचं स्पष्टीकरण डॉक्टरांना पटलं नाही, आणि मेलेली नस शेकाने जिवंत होतही नाही. पण जखडणं मागे पडलं, ते बरंचसं तिच्यामुळे.

माझ्यापर्यंत ते पोचलं नव्हतं. १९६८ मध्ये मुंबईच्या एका हॉस्पिटलात माझा पाय दोन महिने प्लास्टरमध्ये होता. आई सांगायची, प्लास्टर काढलं तेव्हा पाय वाळक्या शेवग्याच्या शेंगेसारखा निघाला.

मला भावली ती तिची कापणी. पट्ट्या अशा बेतायच्या की सांधा मोकळा राहील. हे शिंप्याला न सांगता कळतं! बाबांची घाटावरून आणलेली घोंगडी पेटीत होती, कसरीने खाल्लेला भाग सोडून मांडीला एक, पोटरीला एक अशा पट्ट्या बेतल्या. लोकरच हवी, सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि भाजतं. हाताने पिळून भागत नाही, मी वॉशिंग मशीनच्या ड्रायरमध्ये दोन मिनिटं फिरवते. वर प्लॅस्टिक, त्यावर कोरडा टॉवेल. ऊब दहा मिनिटांत उतरते, हे खरं, पण पाय हलवता येतो.

कंबरेसाठी पिशवी घ्या, घेण्याआधी टिपा ओढून बघा. पायासाठी जुनी घोंगडी शोधा. पावसाळ्यात पिशवीला बुरशी धरते म्हणून मी ती प्लॅस्टिकमध्ये घालून फ्रीजमध्ये ठेवते, सोलांच्या बरणीखाली. परवा भाच्याने ती चिंच समजून सोडायला घेतली होती.