नाशिकमधली एक दिवसाची बाग-सहल : माळीदादांसाठी जा, नर्सरीसाठी नको

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मी आणि शेजारच्या वहिनी नाशिकमधल्याच एका ग्रुपच्या बाग-सहलीला जाऊन आलो. माणशी 850 रुपये, त्यात नाश्ता आणि मिनीबस. ग्रुपचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण पोरं मेहनती आहेत आणि चुका सुधारता येण्यासारख्या आहेत. माझ्याकडून 5 पैकी साडेतीन.

आधी सांगते मी कशासाठी गेले. गच्चीवर माझे 11 गुलाब आहेत, कुंड्यांमध्ये, तीन वर्षांचे, आणि पहिल्या वर्षानंतर फुलं कमी कमीच होत गेली. खत घातलं, औषध मारलं, व्हिडिओ बघितले, काही फरक नाही. म्हटलं ज्यांची बाग खरंच चांगली आहे त्यांच्याकडे जाऊनच बघू.

सकाळी 7 ला निघायचं होतं, पावणेआठला निघालो. 42 माणसं, माहिती सांगणारा एकच आणि माईक नाही, त्यामुळे मागच्या निम्म्या लोकांना काही म्हणता काही ऐकू आलं नाही. पहिला थांबा पांडवलेणीच्या पायथ्याचं नेहरू वनउद्यान, वनविकास महामंडळाचं. इथे फुलांचे ताटवे बघायच्या अपेक्षेने जाऊ नका, हे वनउद्यान आहे, झाडांखालून शांत चालायची जागा आहे. मी तिथे झाडांपेक्षा खाली जास्त बघितलं. मोठ्या झाडांखाली पाल्याचा थर साचलेला, वरचा पाला हाताने बाजूला केला तर खालची माती काळी, भुसभुशीत आणि ओलसर, पाऊस थांबून बरेच दिवस झालेले असताना. त्या मातीला कोणी पोतं भरून खत नेऊन घालत नाही. आणि आम्ही सोसायटीतला सगळा पाला गोणीत भरून घंटागाडीत देतो आणि मग नर्सरीतून खत विकत आणतो! मला अक्षरशः वाईट वाटलं.

तिथून वर लेण्यांकडे बघत गाईडने एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, त्यात त्याने केलेल्या दानधर्मात नारळाची झाडं दिल्याची आणि बागा, तळी, विहिरी केल्याची नोंद आहे. म्हणजे जवळपास 1900 वर्षांपूर्वी बाग करणं हे दगडात कोरून ठेवण्याइतकं पुण्याचं काम होतं. पुढे मुघलांच्या काळात आपल्या गावाला गुलशनाबाद म्हणायचे हे माहीत होतं, पण ही गोष्ट त्याच्याही कितीतरी आधीची. लेणी मात्र चढायला दिली नाहीत, वेळ नाही म्हणे.

नाश्त्याला मिसळ होती, छान होती.

आता मुख्य गोष्ट. दुसरा थांबा गंगापूर रोडच्या बाजूला एका काकूंची घरची बाग, साठेक गुलाब जमिनीत लावलेले. फुलं एकही नाही! दोन दिवस आधीच छाटणी झालेली, सगळी झाडं गुडघ्याएवढी. आमच्यातले बरेच जण नाराज झाले, फोटोच निघेनात. पण मला विचाराल तर हीच बाग बघायची योग्य वेळ. पुण्याला एम्प्रेस गार्डनचं जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन मी दोनदा बघितलंय, डोळे निवतात, पण तिथे फूल तयार होऊन आलेलं असतं, ते कसं आलं ते दिसत नाही. इथे ते दिसलं.

काकूंचे माळीदादा दिंडोरीकडचे, आधी द्राक्षबागेत कामाला होते. ते म्हणाले, "ताई, द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी बघितली ना, तसंच हाय हे. काडी छाटल्याबिगर माल कुठनं येणार?" मग हातात कात्री घेऊन दाखवलं. सुकलेल्या, आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या आधी काढायच्या, चार-पाच जाड काड्या ठेवायच्या आणि बाहेर बघणाऱ्या डोळ्याच्या (म्हणजे जिथून नवी फूट येते त्या जागेच्या) जरा वर तिरका काप घ्यायचा, म्हणजे फूट बाहेरच्या बाजूला जाते आणि झाडाच्या मधोमध ऊन-वारा खेळतो. कापावर बुरशी लागू नये म्हणून बोर्डो पेस्ट लावायची, 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी असं त्यांचं बागेतलं प्रमाण, आपल्याला त्याच हिशोबात थोडीशी पुरते. प्लास्टिकच्या डब्यात करायची, लोखंडी भांडं नको.

मी फोनमधला माझ्या एका गुलाबाचा फोटो दाखवला. त्यांनी मोठा करून बघितला आणि म्हणाले, ही लांब सरळ गेलेली फांदी कलमाची नाहीच, ज्यावर कलम बांधलंय त्या खालच्या जंगली खुंटाची आहे, झाडाचं सगळं बळ हीच खाते. मी सात पानं म्हणजे जंगली असं कुठेतरी ऐकलेलं, तर ते म्हणाले पानं मोजू नका, काही चांगल्या गुलाबांनाही सात येतात, फांदी कलमाच्या गाठीच्या खालून निघालीये का ते बघा. आणि ती कात्रीने कापायची नाही, कापली की परत फुटते, माती उकरून जिथून निघालीये तिथून ओढून काढायची. तीन वर्षांत हे मला एकाही नर्सरीवाल्याने सांगितलं नव्हतं.

या माणसासाठी आम्हाला वेळ किती दिला, 40 मिनिटं! आणि शेवटच्या थांब्याला, एका नर्सरीत, दीड तास. तिथे शिकण्यासारखं काही नव्हतं, सरळ खरेदी होती. फुलांनी लगडलेली पॉलिथिनच्या पिशवीतली रोपं, भाव बाहेरच्यापेक्षा जास्त, आणि घ्या घ्या म्हणून मागे लागणं. हे बरोबर नाही, आम्ही पैसे बागा बघायला दिले होते. ग्रुपवाल्यांना मी फोन करून हेच सांगितलं, नर्सरी काढा, 15-20 चीच बॅच करा, हवं तर 1200 घ्या, पण माळीदादांकडे दोन तास द्या आणि जमलं तर त्यांनाही त्यातला वाटा द्या. विचार करतो म्हणाले.

जाणार असाल तर आपल्या झाडांचे फोटो काढून न्या, बुंध्याजवळचे, फुलांचे नकोत. वही न्या. आणि कुठल्याही बागेत गेलात की मागच्या बाजूला खताचा खड्डा कुठे आहे ते विचारा, काकूंनी आमच्या पाच-सहा जणांना खास नेऊन दाखवला, पाला, शेणाची स्लरी आणि वर गोणपाट, बास.

मी त्याच संध्याकाळी 11 ही कुंड्या छाटल्या. चार कुंड्यांमध्ये खुंटाच्या फांद्या निघाल्या. आज 43 वा दिवस, सात झाडांवर कळ्या आहेत, एका लालवर तर नऊ, आणि सोसायटीचा पाला आता गच्चीवर येतो.