स्प्लेंडर, काळी माती आणि घरची सर्व्हिसिंग

गाडी स्प्लेंडर प्लस, बीएस-६ म्हणजे नव्या प्रदूषण नियमाची. फ्री सर्व्हिसिंग संपल्यावर काम घरीच करायला घेतलं, त्याला एक पावसाळा आणि एक उन्हाळा झाला. पैसा वाचेल म्हणून कोणी करत असेल तर फार काही हाती लागत नाही. ऑइल तेवढ्यालाच पडतं, मजुरी काय ती सुटते. खरा वाचतो तो दिवस. सर्व्हिस सेंटर तालुक्याला. सकाळी गाडी टाकली की संध्याकाळ होते, आणि कापूस वेचाईला आला असला की एवढा वेळ कोणाजवळ असतो?

दुसरं कारण आपली माती. कंपनीचं वेळापत्रक किलोमीटर धरून असतं. इकडे श्रावणात पांदणीनं वावरात दोन चकरा झाल्या की चेन कव्हरमध्ये निरा गारा. तो वाळला की चेन करकरायला लागते. पुढच्या सर्व्हिसिंगची वाट पाहिली तर चेन-स्प्रॉकेट गेलंच समजा. म्हणून कव्हरचं रबरी बूच काढून बोटानं चेन वरखाली करून पाहतो. दोन-तीन सेंटीमीटर हालली तर ठीक, त्याहून ढिली असली की ताणायची. वरून नव्वद नंबरचं गिअर ऑइल. इंजिनातून काढलेलं काळं ऑइल चेनवर ओतायची आपल्याकडे रीतच आहे, पण त्यात लोखंडाचा कीस असतो. ते बंडीच्या आसाले ठेवा.

ऑइल बदलणं सोपं. इंजिन थोडं गरम करून गाडी मधल्या स्टँडवर, खाली घमेलं, सतराच्या पान्यानं खालचा बोल्ट. ऑइल १०डब्ल्यू-३० जाडीचं, डब्यावर ‘जासो एमए’ हा मोटारसायकलच्या ऑइलाचा मार्क पाहूनच घ्या. क्लच त्याच ऑइलात बुडून असतो, कारचं ऑइल टाकलं तर घसरायला लागतो. लेव्हल पाहताना ऑइल मोजायची काठी नुसती टेकवायची. आटे फिरवून बसवली तर ती जास्त खोल जाते आणि कमी असलेलं ऑइलही पुरेसं दिसतं.

एअर फिल्टरचा कागद मुळातच तेलकट असतो, धूळ त्या तेलालाच धरून बसते. गावातले मिस्त्री पंक्चरवाल्याकडून त्यावर हवा मारून आणतात, मोठ्या मायेनं. तसं करू देऊ नका, सरळ नवा टाका. धुळीच्या रस्त्यावर तर मुदतीच्या आधीच.

ऑइलची जाळी आणि सेंट्रिफ्यूगल फिल्टर (गरगर फिरून ऑइलातला कचरा वेगळा काढणारा) यांची सफाई मी सोडून दिली. त्यासाठी इंजिनाची बाजू खोलावी लागते, पॅकिंग नीट बसलं नाही तर गळती मागे लागते. मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला तरी पाने गुंडाळायचे. बीएस-६ गाडीत कार्बोरेटर नाही, इंजेक्शन आहे, म्हणजे पेट्रोल इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं मोजून सोडलं जातं; स्कॅनर लावल्याशिवाय कळत नाही. अशा कामाचे सेंटरनं घेतलेले पैसे मला महाग वाटत नाहीत. वॉरंटी चालू असेल त्यांनी पुस्तिकेतल्या सर्व्हिसिंग तिथेच कराव्या, घरी चेन तेवढी पाहावी.