गोगलगाईची अंडी की समुद्री सशाची शाई?

समुद्री गोगलगाईंपासून जीवाणूनाशक औषध शोधायचे तर शीर्षकातील दोन पर्यायांपैकी कोणता अधिक आशादायक? गोव्यातील हणजूणच्या खडकांवर ओहोटीच्या वेळी शंखगोगलगाई सहज दिसतात. परंतु जीवाणूनाशक औषधाच्या दृष्टीने अधिक अभ्यास झाला तो ऑस्ट्रेलियातील डायकॅथाइस ऑर्बिटा या गोगलगाईचा. तिच्या अंड्यांच्या पिवळट कुप्या उजेडात हळूहळू जांभळ्या होतात व उग्र वास सोडतात, कारण त्यांतील ब्रोमिनयुक्त इंडोल (नायट्रोजन असलेल्या कडीसारख्या रचनेच्या लहान रेणूंच्या) संयुगांपासूनच प्राचीन टायरियन जांभळा रंग बनतो. १९०९ मध्ये रसायनशास्त्रज्ञ फ्रीडलँडर यांनी म्युरेक्स या दुसऱ्या प्रकारच्या १२,००० गोगलगाईंपासून जेमतेम १.४ ग्रॅम रंग मिळवला होता. या रंगाच्या आधीच्या टप्प्यातील टिरिंडोलेनिनोन जीवाणूंना मारते, मात्र ते टिकाऊ नाही.

दुसरा पर्याय समुद्री सशाचा, म्हणजे बाहेरून शंख न दिसणाऱ्या गोगलगाईचा. त्याच्या जांभळ्या शाईतील एस्केपिन हे प्रथिन लायसिन व आर्जिनिन या अमिनो आम्लांचे ऑक्सिडीकरण करून हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करते. मारा जोरदार खरा, पण तो रोग्याच्या पेशींनाही सोडणार नाही; शिवाय प्रथिन पोटात पचून जाते, त्यामुळे फार तर जखमेवरील मलमापुरता त्याचा विचार करता येईल.

माझा कौल गोगलगाईच्या अंड्यांतील इंडोलकडे आहे. रेणू लहान असल्याने तो प्रयोगशाळेत बनवता येतो, त्यात फेरफार करता येतात आणि त्यासाठी किनारे ओरबाडावे लागत नाहीत. गोगलगाईपासून औषध होऊ शकते हे शंकूशंख या विषारी गोगलगाईच्या विषावरून बेतलेल्या झिकोनोटाइड या औषधाने २००४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळवून दाखवले. अर्थात ते वेदनाशामक आहे, जीवाणूनाशक नव्हे.