दोन शाकुहाची, दोन्ही प्लास्टिकच्या

शाकुहाची, म्हणजे जपानची बांबूची उभी बासरी. तिच्या जोडीसाठी नवीन काही लिहायचं असेल, तर एकाच साच्यातून निघालेल्या दोन एबीएस प्लास्टिकच्या शाकुहाची घ्या. इथे तोक्योत आमचे सेन्सेई (गुरुजी) हे ऐकून नाक मुरडतात. मुरडू देत.

बांबूच्या दोन १.८ शाकुहाची (१.८ शाकू या जपानी मापाच्या, म्हणजे लांबी साधारण ५४.५ सेंटिमीटर, सर्वांत खालचा सूर हार्मोनियमची पांढरी दोन) एकाच कारागिराच्या असल्या तरी थोड्या वेगळ्या बोलतात. ‘शिका नो तोने’ या हरणांच्या हाकांच्या जुन्या रचनेत ते शोभतंच. दोघं आळीपाळीने साद घालतात, तिथे आवाज सारखे कशाला हवेत? पण मी एकीवर ‘रो’, म्हणजे आपला षड्ज, धरून दुसरीवर ‘त्सु-मेरी’, म्हणजे कोमल रिषभ, लिहिते. तो सूर घासतोय तो माझ्या रचनेमुळे की वाद्यांमुळे, हे मला तिथल्या तिथे कळायला हवं. एका साच्यातल्या प्लास्टिकच्या जोडीवर ते कळतं.

दुसरी गोष्ट आवाजाच्या तोलाची. मेरीसाठी हनुवटी खाली घेतली की सूर उतरतो आणि आवाजही मंदावतो. समोरच्याने त्याच क्षणी ‘ची’ (पंचम) दणकून लावला, तर माझा कोमल रिषभ गेलाच! कागदावर दोन्ही सूर सारखेच ठसठशीत दिसतात. नाकाओ तोझान यांनी १८९६ मध्ये सुरू केलेल्या घराण्यात दोन-तीन शाकुहाचींसाठी लिहिण्याची रीत रुजली. त्या रचना वाजवून बघा, कोणाला कधी गप्प बसवायचं ते शिकायला मिळतं.

आता उणी बाजू. मुराइकी, म्हणजे फुंकरीचा तो फाटका, वादळी आवाज, प्लास्टिकवर बेचव लागतो. आत वाफेचं पाणी साचतं, भोकांवर बोटं निसटतात. त्यामुळे नादाबद्दलचा कुठलाही निर्णय हिच्यावर घेऊ नका, त्यासाठी बांबूच. मात्र हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेत बांबू तडकायची धास्ती असते, ती इथे नाही. आणि बांबूच्या एका बऱ्या वाद्याच्या किमतीत अशा कित्येक जोड्या येतात.

बासरीवाल्यांनो, पाचच भोकं बघून सोपं समजू नका. इथे मींड बोटांपेक्षा मानेने जास्त घ्यावी लागते, आणि पहिल्या आठवड्यात मान चांगलीच धरते.