‘आयसोलेटेड’ म्हणून विकलेला पॉवर सप्लाय: वायफाय मीटर बनवणाऱ्यांनो, सावध राहा

घरातला वीजवापर मोबाइलवर दिसावा म्हणून ईएसपी-३२ हा वायफायवाला छोटा बोर्ड आणि वीज मोजणारं पीझेम-००४टी मॉड्यूल जोडून मी मीटर बनवला. त्याला घरच्या २३० व्होल्टमधून ५ व्होल्ट देणारं छोटं काळं मॉड्यूल पुण्यातल्या एका दुकानातून घेतलं. लेबलवर नावाजलेल्या कंपनीचं नाव, खाली ‘६०० मिलिअँपिअर, आयसोलेटेड’, म्हणजे आउटपुट घरच्या विजेपासून पूर्ण वेगळं. “साहेब, ओरिजिनल आहे, डोळे झाकून लावा,” दुकानदार म्हणाला. बिल द्यायला तो कां-कूं करत होता, मी आग्रहाने घेतलं.

मीटर सारखा रीस्टार्ट होऊ लागला. लॉगमध्ये ‘ब्राउनआउट’, म्हणजे व्होल्टेज कमी पडल्याची नोंद. वायफायवर डेटा पाठवताना ईएसपी-३२ क्षणभर जास्त करंट ओढतो, नेमकं तेव्हाच व्होल्टेज कोसळत होतं. मॉड्यूल काढून १० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर लावला, म्हणजे अर्धा अँपिअर लोड. ५ सोडा, ४ व्होल्टही टिकेनात.

पुढचं त्याहून भयंकर. वीज पूर्ण तोडून इनपुटची एक पिन आणि आउटपुटची मायनस यांवर मल्टिमीटर कंटिन्यूइटीवर, म्हणजे दोन टोकं थेट जोडलेली असली की बझर वाजतो त्या सेटिंगवर, धरला, तर बझर वाजला! खऱ्या आयसोलेटेड सप्लायमध्ये मधे ट्रान्सफॉर्मर असतो, दोन्ही बाजू तारेने जोडलेल्या नसतात. कापून पाहिलं, ट्रान्सफॉर्मर नव्हताच, नुसती एक कॉइल. फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली की मायनसवर थेट २३० व्होल्ट. त्या अवस्थेत कुणी बोर्डाला यूएसबीने लॅपटॉप जोडला असता तर? पैसे बुडाले असते तर गप्प बसलो असतो, पण इथे माणूस मरू शकतो.

“तुम्हीच जाळलंत,” दुकानदाराचं पहिलं उत्तर. मग त्याच्याच काउंटरवर, त्याच्याच मल्टिमीटरने नवं मॉड्यूल तपासायला लावलं. तिथेही बझर. पैसे मुकाट्याने परत दिले, पण ते मॉड्यूल पुन्हा ड्रॉवरमध्ये गेलं. उद्या ते कुणाच्या तरी घरी लागेल, म्हणून हे लिहितोय.

विकत घेतानाच इनपुटच्या दोन्ही पिना आउटपुटच्या दोन्ही पिनांशी तपासून घ्या. बझर वाजला नाही तरी आतलं इन्सुलेशन चांगलं आहे असं त्यातून सिद्ध होत नाही. त्यामुळे मी आता मोबाइलचा चार्जरच वापरतो. त्यावरचा ‘आर’ने सुरू होणारा बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून बघता येतो. आणि बिल घ्याच. ते हाताशी होतं म्हणूनच मला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवता आली.