चौघांचा गट, चार पदकं: ‘आंतरराष्ट्रीय’ कराटे स्पर्धेच्या नावाखाली चालणारी लूट

आमच्या क्लबची मुलं ज्या ‘आंतरराष्ट्रीय कराटे अजिंक्यपद स्पर्धे’ला गेली, तिथून जवळजवळ प्रत्येक जण पदक घेऊन परतला. पालक खूश होते. नंतर ड्रॉचे, म्हणजे कोण कोणाशी खेळलं याच्या तक्त्याचे, कागद मागवले आणि सगळा प्रकार उघडा पडला. एकेका गटात चारच खेळाडू होते. दोन उपांत्य लढती, एक अंतिम. एक सुवर्ण, एक रौप्य, दोन कांस्य. म्हणजे तीन लढतींत चार पदकं, आणि एकुलती एक लढत हरलेल्या मुलाच्या गळ्यातही आंतरराष्ट्रीय कांस्यपदक. एकाच वजनाचे अ, ब, क, ड असे तुकडे पाडलेले, प्रत्येक तुकड्याचा वेगळा विजेता. प्रमाणपत्रावर मात्र तुकड्याचं अक्षर कुठेच नाही. देशाच्या रकान्यात परदेशाचं नाव आणि क्लबच्या रकान्यात त्याच शहरातला क्लब, अशा नोंदीही होत्या. तिथेच राहणाऱ्या परदेशी मुलांना ‘त्या देशाचा संघ’ म्हणून उभं केलं होतं.

आयोजकाचं नाव इथे घेत नाही. हीच पद्धत वेगवेगळ्या झेंड्यांखाली चालते आणि नाव बदलायला एक नवं पत्रक पुरतं. ती ओळखायला कराटेतलं फार कळावं लागत नाही, हिशेब यावा लागतो. तो पैसे भरण्याआधीच करता येतो, म्हणून इथे सविस्तर देत आहोत.

वर्ल्ड कराटे फेडरेशनच्या नियमांनुसार वरिष्ठ गटाची कुमिते (समोरासमोरची) लढत 3 मिनिटांची, कॅडेट आणि ज्युनियर गटाची 2 मिनिटांची. हा झाला घड्याळाचा वेळ. ‘यामे’ (थांबा) झालं की घड्याळ थांबतं, गुण दिले जातात, ताकीद दिली जाते. त्याआधी नाव पुकारणं, हातमोजे तपासणं, नमस्कार. एका वरिष्ठ लढतीला सरासरी 5 मिनिटं धरावीत. म्हणजे एका तातामीवर (लढतीच्या मॅटवर) तासाला 12 लढती, चार तातामींवर 10 तासांत 480. आता 32 खेळाडूंचा एक गट घ्या. बाद पद्धतीत 31 लढती. अंतिम फेरीतल्या दोघांकडून हरलेल्यांना कांस्यपदकासाठी रेपेचाज, म्हणजे आणखी एक संधी, मिळतं; त्याच्या आणखी 6. एकूण 37. एक तातामी तीन तासांहून जास्त वेळ याच एका गटात अडकते.

समजा पत्रकावर 1500 प्रवेशिका, चार तातामी आणि एकच दिवस असं छापलं आहे. नियमाने खेळवलं तर हे बसत नाही. चौघांचे गट केले की बसतं: 375 गट, प्रत्येकी 3 लढती, एकूण 1125. लढत मिनिटभराची करून, सगळं धरून 2 मिनिटांत उरकली तर चार तातामींवर साडेनऊ तासांत काम संपतं आणि 1500 पदकं वाटून होतात. रेपेचाज नाही, वजन घेणं नाही, तक्रार ऐकायला वेळ नाही. आमच्या हाती आलेल्या कागदांवर नेमकं हेच गणित होतं.

लहान मुलांना चौघांच्या गटात खेळवण्यात काही गैर नाही. प्रत्येकाला प्रत्येकाशी खेळवलं तर 6 लढती होतात आणि हरणाऱ्या मुलालाही तीनदा तातामीवर उभं राहायला मिळतं. नवख्या मुलांसाठी ती उत्तम पद्धत आहे. पण तिला दुप्पट वेळ लागतो, म्हणून पैशासाठी भरवलेल्या स्पर्धेत ती दिसत नाही. तिथे मूल लांबचा प्रवास करून येतं, मिनिटभर खेळतं आणि पदक घेऊन घरी जातं. आमचा राग या गोष्टीवर आहे. पैसे पालकांचे जातात, आणि आपण आंतरराष्ट्रीय पातळीवर टिकलो असा खोटा समज मुलाच्या मनात बसतो. पुढे खऱ्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत 8 गुणांच्या फरकाने लढत संपली की तेच मूल खेळ सोडून देतं.

हॉलही मोजून पाहावा. लढतीचं क्षेत्र 8 बाय 8 मीटर, चारही बाजूंना 1 मीटरची सुरक्षित पट्टी, म्हणजे एका तातामीला 10 बाय 10 मीटर जागा आणि मीटरभराच्या 100 मॅट लागतात. बास्केटबॉलचं मैदान 28 बाय 15 मीटरचं. त्यावर पंचांची टेबलं धरून दोनच तातामी नीट बसतात. त्याच हॉलमध्ये सहा तातामी असतील असं कोणी सांगत असेल, तर एक तर मॅट कमी टाकल्या जातील किंवा सुरक्षित पट्टी गायब होईल. शेजारच्या लढतीतून मागे सरकणारा मुलगा तुमच्या मुलीच्या पाठीवर येऊन आदळतो तो याच कारणाने. आयोजकाकडे हॉलचा आराखडा मागा. ज्याने खरोखर तयारी केली आहे त्याच्याकडे तो असतोच, कारण त्याशिवाय मॅट मागवताच येत नाहीत.

पंचांचाही हिशेब तसाच. एका तातामीवर एक रेफरी, चार जज आणि एक मॅच सुपरवायझर, शिवाय वेळ आणि गुण नोंदवणारे. चार तातामींना पाळी न बदलताही 24 पंच लागतात, आणि दिवसभर पाळी न बदलता कोणीही नीट पंचगिरी करू शकत नाही. रेफरी लढणाऱ्या दोघांपैकी कोणाच्याही देशाचा नसावा, हा आंतरराष्ट्रीय लढतीचा नियम. पंचांची यादी, त्यांचा परवाना कोणत्या संस्थेचा, ते कुठून येणार, एवढं विचारून बघा. ‘आमचे सीनियर ब्लॅक बेल्ट असतील’ असं उत्तर आलं तर आपल्याच विद्यार्थ्यांच्या लढतींवर त्यांचेच प्रशिक्षक पंच असणार.

आता नावाबद्दल. ‘वर्ल्ड’, ‘इंटरनॅशनल’, ‘ग्लोबल’ हे शब्द कोणाच्या मालकीचे नाहीत. कराटेत अनेक जागतिक संघटना आहेत, काही एकाच शैलीच्या, आणि त्यांतल्या पुष्कळशा प्रामाणिकपणे स्पर्धा घेतात. एखादी स्पर्धा वर्ल्ड कराटे फेडरेशनची नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. पण आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता माद्रिदला मुख्यालय असलेल्या या एकाच महासंघाला आहे, आणि फसवणारे नेमका त्याच्या नावाचा आभास निर्माण करतात. बोधचिन्ह थोडं बदलून छापायचं, आद्याक्षरं उलटसुलट करायची. या महासंघाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 1970 साली टोकियोत सुरू झाली. तिथे राष्ट्रीय महासंघाने निवडलेला खेळाडूच जातो. पैसे भरून क्लबला थेट प्रवेश मिळत नाही, आणि एका देशाचा एका वैयक्तिक गटात एकच खेळाडू असतो. म्हणून एकाच क्लबची वीस-पंचवीस मुलं ‘जागतिक अजिंक्यपद’ला निवडली गेली असं पत्र आलं, तर ती स्पर्धा कोणतीही असो, ही नव्हे.

गट पाहिले तरी कळतं. मान्य आंतरराष्ट्रीय कुमितेत वय, लिंग आणि वजन यांवरच गट पडतात: कॅडेट 14-15, ज्युनियर 16-17, अंडर-21 म्हणजे 18 ते 20, आणि वरिष्ठ. वरिष्ठ पुरुषांत 60, 67, 75, 84 किलोंपर्यंत आणि 84 च्या वर. महिलांत 50, 55, 61, 68 किलोंपर्यंत आणि 68 च्या वर. पिवळा बेल्ट, केशरी बेल्ट असे वेगळे ‘जागतिक’ गट तिथे नसतात. ‘ऑलिंपिक पात्रता फेरी’ असं लिहिलं असेल तर पुढे वाचायचीही गरज नाही. कराटे टोकियो 2020 मध्ये, म्हणजे प्रत्यक्षात ऑगस्ट 2021 मध्ये, खेळवलं गेलं. पॅरिस 2024 मध्ये ते नव्हतं आणि लॉस एंजेलिस 2028 च्या यादीतही नाही.

ऑनलाइन नोंदणीच्या प्रणालीवर स्पर्धा दिसते, यावरही विसंबू नये. ती प्रणाली म्हणजे सॉफ्टवेअर. आयोजक तिथे स्पर्धा नोंदवतो. मान्यता देणारी संस्था वेगळी असते. मान्यता तपासायची तर संबंधित महासंघाच्या स्वतःच्या दिनदर्शिकेत स्पर्धेचं नाव, तारीख आणि शहर तिन्ही जुळतात का ते बघा. पत्रकावरच्या फोनवर विचारू नका, महासंघाच्या संकेतस्थळावरच्या पत्त्यावर लिहा.

पैसे कसे काढले जातात ते जवळून बघण्यासारखं आहे. प्रवेश फी थोडकीच असते. मग काता (ठरलेल्या हालचालींचं सादरीकरण) आणि कुमितेची वेगळी, संघाची वेगळी, उशिराची वेगळी. आयोजकाच्याच हॉटेलात राहण्याची सक्ती, बाहेर राहिलात तर ‘सेवा शुल्क’. विम्याचे पैसे, पण पॉलिसी क्रमांक कोणालाच मिळत नाही. ‘मान्यताप्राप्त’ हातमोजे आणि शिनगार्ड (नडगीचं संरक्षण) तिथल्याच टेबलावरून घ्यायचे, मुलाकडे आधीपासून चांगले असले तरी. आमंत्रणपत्राचे पैसे, ‘व्हिसाची हमी’ म्हणून. व्हिसा देणं न देणं फक्त दूतावासाच्या हातात असतं. कुठलाही आयोजक त्याची हमी देऊ शकत नाही.

फीपोटी पैसे भरताना खातं संस्थेच्या नावावर आहे का ते बघा. व्यक्तीचं खातं, वॉलेट, क्रिप्टो, रोख पाठवणाऱ्या सेवा यांतून गेलेला पैसा परत मिळवणं जवळपास अशक्य असतं. कार्डाने भरले असतील तर सेवा मिळाली नाही म्हणून बँकेकडे मुदतीत दावा करता येतो. ‘आमचं खातं बदललं आहे’ अशी मेल शेवटच्या आठवड्यात आली तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय एक पैसाही पाठवू नका. खऱ्या आयोजकाची मेल हॅक करूनही असे निरोप पाठवले जातात.

बुलेटिनमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या माहितीपत्रकात, दोन वाक्यं शोधा. एक, ‘आयोजक गट विलीन किंवा विभाजित करू शकतात’. हे वाक्य प्रामाणिक स्पर्धेतही असतं, पण तिथे किमान किती खेळाडू असले तर गट होईल तेही लिहिलेलं असतं. दुसरं, रद्द झाल्यास काय. ‘फी पुढच्या स्पर्धेत वळती केली जाईल’ याचा अर्थ पैसे परत नाहीत. वजन कधी, कुठे, कोण घेणार, ड्रॉ कधी जाहीर होणार, तातामीजवळ डॉक्टर किती, हे बुलेटिनमध्ये नसेल तर लेखी विचारा. कुमितेत डोक्याला मार बसू शकतो, म्हणून डॉक्टरचं उत्तर टाळणाऱ्याकडे मूल पाठवूच नये.

एक अवघड गोष्टही सांगायला हवी. अशा स्पर्धा पालकांपर्यंत प्रशिक्षकांमार्फत पोहोचतात, आणि ठरावीक मुलं आणली की प्रशिक्षकाचा प्रवास फुकट किंवा डोईमागे रक्कम, असा व्यवहार बऱ्याचदा त्यामागे असतो. सर्वच सर तसे नसतात; काहींना स्वतःलाही पूर्ण कल्पना नसते. तरी ‘सर, या स्पर्धेतून तुम्हाला किंवा क्लबला काही मिळणार आहे का? मागच्या वर्षीचा पूर्ण ड्रॉ दाखवाल का?’ हे दोन प्रश्न आदराने विचारता येतात. मागच्या वर्षीच्या पदकतालिकेने समाधान मानू नका, ड्रॉच मागा.

फसवणूक आयोजकांचीही होते. पहिला प्रकार म्हणजे कागदी जागतिक महासंघ: पैसे घेऊन मान्यतापत्र, शिक्का आणि झेंडा देतो, पण पंच, नियम, विमा यांतलं काहीही देत नाही. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा, तो म्हणजे खोटा संघ. 2004 साली जर्मनीतल्या बव्हेरियात ‘श्रीलंकेचा राष्ट्रीय हँडबॉल संघ’ म्हणून आलेले 23 जण काही सामने खेळून नाहीसे झाले. श्रीलंकेत तेव्हा राष्ट्रीय हँडबॉल संघच नव्हता. कराटेत हे आणखी सोपं, कारण पांढरा गी (कराटेचा पोशाख) आणि काळा पट्टा कोणीही विकत घेऊ शकतो.

असा संघ पत्रव्यवहारातून ओळखता येतो. आमंत्रणपत्र कधी मिळेल याच्या चार मेल येतात; वजन कधी, गट कोणते, नियम कोणते याची एकही नाही. सगळे सज्ञान पुरुष, आणि सांगितलेली वजनं एकाही गटाशी जुळत नाहीत. अशा वेळी त्या देशाच्या राष्ट्रीय महासंघाला नावांची यादी पाठवून लेखी पुष्टी मागा, आणि खेळाडूंच्या आधीच्या स्पर्धांचे ड्रॉ मागा. आमंत्रणपत्रात पासपोर्ट क्रमांकासह प्रत्येकाचं नाव लिहा, खर्चाची जबाबदारी घेऊ नका, आणि तीच यादी दूतावासालाही पाठवा. जे आले नाहीत किंवा मधूनच निघून गेले त्यांची नावं त्याच दिवशी कळवा. तुमच्या सहीच्या पत्रावर आलेली माणसं गायब झाली तर पुढच्या वर्षी खऱ्या संघांचे व्हिसा अडकतात.

हॉटेलसाठी चुकून जास्त रक्कम पाठवली, फरक परत करा, अशी विनंती आली तर थांबा. मूळ रक्कम बँकेत पक्की वठल्याशिवाय काहीही परत करू नका. चोरीच्या कार्डाने किंवा बनावट चेकने भरलेली रक्कम काही दिवसांनी उलटते आणि तुम्ही परत केलेला ‘फरक’ तुमच्याच खिशातून जातो.

फसवणूक झालीच असेल तर सगळ्यात आधी बँक. पैसे पाठवल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच ते अडवता येण्याची थोडीफार शक्यता असते. मग बुलेटिन, पावत्या, खाते क्रमांक आणि नंबरासह चॅट जपून ठेवा. ग्रुपवर भांडण सुरू झालं की समोरचा आधी संदेश पुसतो, म्हणून जाब विचारण्यापूर्वी स्क्रीनशॉट काढा. ड्रॉचे फोटो, मॅटचे फोटो, लढतीचे व्हिडिओ हेही पुरावेच. मिनिटभरात संपलेली लढत व्हिडिओत घड्याळासकट दिसते. पालकांनी वेगवेगळ्या तक्रारी करण्यापेक्षा रकमांच्या तक्त्यासह एकत्र लेखी तक्रार पोलिसांकडे आणि ज्या महासंघाचं नाव वापरलं त्याच्याकडे द्यावी. आणि तक्रारीनंतर ‘थोडी फी द्या, तुमचे पैसे मिळवून देतो’ असा फोन आला तर तो ठेवून द्या. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, आणि हा फोन त्याच यादीवरून आलेला असतो.