पोर्ट्रेटसाठी ईझल: एच-फ्रेम, ए-फ्रेम की सरळ सुताराकडून?

ईझल, म्हणजे कॅनव्हास उभा धरणारी घोडी, घ्यायला निघालेला माणूस आधी विचारतो, "केवढा कॅनव्हास बसतो यावर?" निसर्गचित्रं करणाऱ्याला हा प्रश्न पुरतो. समोर माणूस बसवून पोर्ट्रेट करणाऱ्यानं मात्र विचारावं, की कॅनव्हास चढवलेला असताना तो वर-खाली करायला किती खटपट पडते आणि तो खाली कुठपर्यंत येतो.

हिशेबच करू. मध्यम उंचीच्या चित्रकाराची उभ्यानं नजर जमिनीपासून 60 इंचांच्या आसपास येते. मॉडेलला चौथऱ्यावर बसवून त्याचे डोळेही त्याच पातळीला आणले आणि कॅनव्हास त्याच्या शेजारी लावला. आता 30 बाय 40 इंचांच्या उभ्या कॅनव्हासवर डोळे खालून 28 इंचांवर येत असतील, तर ईझलची खालची पट्टी, जिच्यावर कॅनव्हास टेकतो, ती 32 इंचांवर हवी. चित्रात खाली येणारे हात रंगवायला घेतलेत की तीच पट्टी 45 पर्यंत चढवावी लागते, कॅनव्हासची वरची कड 85 इंचांवर जाते आणि ईझलचा मधला खांब त्याच्याही वर. साडेनऊ फुटी छताखाली हे बसतं. बेडरूमच्या माळ्याखालचा कोपरा ठरवला असेल तर नाही बसत.

पूर्णाकृतीला उलटी अडचण. बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी केलेली बालगंधर्वांची मोठी चित्रं आहेत. तसं काही मनात असेल तर पट्टी सर्वांत खाली किती उतरते ते आधी पाहा. ती 20 इंचांवर अडली, तर सहा फुटी कॅनव्हासवरचा चेहरा सात फुटांवर जातो आणि तुम्ही स्टुलावर. स्टुलावर चढलं की मागं सरून बघणं संपलं, आणि पोर्ट्रेटमध्ये अर्धं काम तर मागं सरून बघण्यातच असतं.

आता पर्याय. एच-फ्रेम म्हणजे दोन उभे खांब आडव्या पट्टीनं जोडलेला, इंग्रजी H सारखा सांगाडा. हँडलवालं एच-फ्रेम हे यातलं सर्वांत सुखाचं. हँडल फिरवलं की कॅनव्हास, पट्टी सगळं एकत्र हळूहळू वर जातं, डाव्या हातातला पॅलेट खालीही ठेवावा लागत नाही. साध्या नॉबवाल्या एच-फ्रेममध्ये हेच काम कसं होतं ते दुकानात करूनच बघा: एका हातानं ओल्या कॅनव्हासची कड धरायची, दुसऱ्यानं नॉब सैल करायचा, पट्टी झटकन दोन इंच खाली येते, अंगठा रंगात. मॉडेल ताटकळलेलं, मान एव्हाना हललेली. दोन्हींच्या मधला मार्ग खाचांच्या पट्टीचा, म्हणजे रॅचेटचा. उचललं की पुढच्या खाचेत अडकतं, खाली घसरत नाही. हँडलपेक्षा स्वस्त आणि बिघडायला त्यात काही नाही. फोटोवरूनच काम करणार असाल तर डोळ्यांची पातळी जुळवायची भानगडच नाही, मग हँडलवर पैसे घालू नका.

ए-फ्रेम, म्हणजे पुढं दोन पाय आणि मागं एक, भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना सोयीचं. मिटलं की दारामागं उभं राहतं. पण उघडल्यावर मागचा पाय बराच लांब जातो, त्यामुळे ते भिंतीला लावता येत नाही. एच-फ्रेमचा पाया जड असला तरी चौकोनी आणि आटोपशीर, तो भिंतीलगत सरकतो. दहा बाय अकराच्या खोलीत हा दीड-दोन फुटांचा फरक थेट तुमच्या मागं सरायच्या जागेतून जातो. शिवाय मोठ्या कॅनव्हासवर रंग लावायचा नाइफ जोरात चालवला की ए-फ्रेम डुलतं. पायाशी वाळूची पिशवी ठेवली की बरंच थांबतं.

बहुतेक ए-फ्रेममध्ये कॅनव्हास पुढं, आपल्याकडे झुकवता येत नाही. तैलरंगाला हे महत्त्वाचं आहे, कारण ओल्या गडद भागावर खिडकी चमकते आणि टोन, म्हणजे रंगाचा उजळ-गडदपणा, दिसतच नाही. जरासा पुढं झुकवला की चमक जाते. पेस्टल करणाऱ्यांची भुकटीही चित्रावर न घसरता खाली पडते.

चाकं हवीत का? पुण्यात हवीत. उत्तरेच्या खिडकीचा स्थिर उजेड हे युरोपातलं शास्त्र. आपण साडेअठरा अक्षांशावर, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत सूर्य भरदुपारीही उत्तरेकडून जातो. ढग नसले तर त्या खिडकीतूनही ऊन आत येतं आणि ईझल हलवावं लागतं. मात्र चारही चाकांना ब्रेक बघून घ्या.

पेटीसारखं मिटणारं बॉक्स ईझल आणि अ‍ॅल्युमिनियमचं तिवई ईझल प्रात्यक्षिकाला किंवा बाहेर न्यायला उत्तम. स्टुडिओसाठी ते मुख्य ईझल म्हणून घेऊ नये.

राहिला सुतार. बाहेरून येणारी चांगली ईझल बहुधा बीच लाकडाची असतात. बीच मजबूत खरं, पण दमट हवेत सागापेक्षा जास्त फुगतं, आणि श्रावणात सरकणारा खांब अडकू शकतो. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून चांगला वाळलेला साग घेऊन रॅचेटचं एच-फ्रेम करून घेणं मला सर्वांत पटतं, फक्त सुताराच्या मनावर सोडू नका. तो ते कपाटासारखं करेल: जाड, जड आणि चकचकीत पॉलिश केलेलं. पॉलिश सरकत्या भागांवर नकोच, तिथं नुसतं मेण. पट्टीची सर्वांत खालची आणि वरची उंची कागदावर लिहून द्या, आणि खांब सुटा होईल असा बोल्टवर ठेवायला सांगा, कारण सात फुटी खांब सोसायटीच्या लिफ्टमध्ये उभा मावेलच असं नाही.